भिंतीपलीकडचा वॉलरस

नॉर्बर्टचा फोन रविवारी, अंडी तव्यावर असताना.
त्याला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ओरडतो तोच:
"टेप सापडली! बोटीच्या ताडपत्रीखाली! या!"

टोलिडोत तेव्हा काचेच्या कारखान्याभोवती
दर चार घरांमागे एक बँड होता.
नॉर्बर्ट ड्रमवर. रॉझ गाणार.
डेल्मरची गिटार हप्त्यावरची, अजून दुकानदाराचीच म्हणा ना.
आणि मी बेसवर, तीन तारांच्या.
चौथी, सगळ्यात जाडी, सहासष्टच्या मार्चमध्ये तुटली,
नवीचे पैसे कायम पुढच्या आठवड्यात असायचे.
सुरावट त्या तारेवर उतरली
की मी नुसता उभा राहायचो, चेहरा गंभीर करून.
चर्चच्या तळघरातल्या नाचाला आलेल्या मुलींना
ती माझी शैली वाटली.
मीही नाही म्हटलं नाही.

गराज आमचं. गाडी बाहेर, बर्फात.
भिंतीला लागून बसायची खोली, तिथे वडील:
रात्रपाळी करून दुपारी उठलेले,
भट्टीच्या धगीनं भुवया कायमच्या अर्ध्या,
मांडीवर कॉफी, समोर चॅनेल नऊ.
चार वाजता कमोडोर मफिन.
लोकरी मोज्याचा वॉलरस, एका सुळ्याचा,
संध्याकाळी हवामान सांगणाऱ्या माणसाच्या हातावर चढवलेला.
कार्यक्रम लहान मुलांचा.
घरात लहान मूल नव्हतं.
मी सतरा वर्षांचा, मफिन पाहणं सोडून तीन वर्षं झालेली,
सोडलं तेही सगळ्यांना सांगून.

आमचा अँप्लिफायर लागला की तिकडे पडद्यावर मुंग्या.
भिंतीवर दोन धपके.
आम्ही आवाज वाढवायचो.
वडिलांचं नि माझं बोलणं म्हणाल तर एवढंच.

रविवारी तिघंच जमलो.
डेल्मरच्या जागी त्याची मुलगी, रील फिरवायचं मशीन घेऊन;
बसते अगदी त्याच्यासारखी, एक पाय दुमडून.
"हसू नका हं," रॉझ म्हणाली,
आणि पहिली तीच फुटली.
गाणं वाईट होतं. आठवणीत होतं त्याहूनही वाईट.
एका मुलीबद्दल, जिला आमच्यापैकी कोणीच ओळखत नव्हतं.
नॉर्बर्टचा ताल उतारावरच्या गाडीसारखा,
ब्रेक नसलेल्या.

मग ती जागा आली,
जिथे सगळे थांबतात
आणि बेसनं एकट्यानं खाली उतरायचं असतं,
चौथ्या तारेवर.

चार मात्रा. काहीच नाही. टेपची खरखर.
आणि खरखरीच्या मागून, विटांमधून गाळून आल्यासारखा,
एक वॉलरस: "नांगर उचला, आळश्यांनो!"
त्याच्या मागे एक हसू.
खोल, घोगरं, थांबवता न येणारं,
शेवटाला खोकल्यात गेलेलं.

डेल्मरच्या मुलीनं रील मागे घेतलं, न सांगता.
पुन्हा. पुन्हा.

चॅनेल नऊच्या लोकांनी त्या टेपांवर पुढे
गालिच्यांच्या जाहिराती भरल्या; टेप महाग असायची.
कमोडोर मफिन जगात उरलाय तो इथे, एका वाक्यापुरता.
आणि त्या माणसाचं हसू,
ज्याला जेवणाच्या टेबलावर, लग्नात, बेसबॉल जिंकल्यावर
हसताना मी पाहिलं नव्हतं;
शपथेवर सांगितलं असतं, हसत नाहीत म्हणून.
रोज चार वाजता हसत होते.
मी त्यावर वाजवत होतो.

"काय झालं? काय आहे?" नॉर्बर्ट ओरडतोय.
त्याला यातलं काहीच ऐकू आलेलं नाही.
रॉझनं त्याचा हात धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला.
तो डोळे मिटून थांबला, आणि ओठ हलले:
एक, दोन, तीन, चार.

"बेस आहे," म्हणाला. "भारी वाजवलायस रे!"

नाही नॉर्बर्ट.
तिथे माझ्याकडे तार नव्हती.